पोरांच्या हातात काय द्यायचं?

(सीमाभागातील कामगार सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही भाषण करणारी माणसं नव्हे. आम्ही सूतगिरणीत रिंग खात्यात उभं राहणारी माणसं. शिक्षण विचाराल तर मराठी शाळेत सातवी. युनियनचं काम करता करता गेटवर चार शब्द बोलायची सवय लागली, एवढीच आमची पुंजी. गेटवर बोलायचं म्हणजे भोंगा व्हायच्या आत आटपावं लागतं. आजही तसंच आटपू.

आमच्या आधीच्या वक्त्यांनी न्यायालयातला दावा सांगितला, सरकारचं धोरण सांगितलं, पुढचा कार्यक्रम सांगितला. ते सगळं बरोबर आहे. आम्ही मात्र आज घरातलं बोलणार आहोत. कारण सभेला येणारा प्रत्येक माणूस सभेनंतर घरी जातो, आणि घरी पोरं असतात. ती विचारतात, "बाबा, कुठं गेला होता?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर हा लढा पुढे चालणार की इथेच संपणार हे ठरतं, असं आमचं मत झालं आहे.

बंधूंनो, आमच्या घरात ही चौथी पिढी. आमचा आजा मुंबईत गिरणीत होता. १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९५६ च्या जानेवारीपर्यंत मुंबईत पोलिसांच्या गोळ्या चालल्या, तेव्हा तो गिरणगावातच होता. आजी सांगायची, चाळीच्या खिडकीला गादी उभी करून ती पोरांना घेऊन आतल्या भिंतीला टेकून बसायची. बाहेर शांत झालं की हीच पोरं गॅलरीत मोर्चा-मोर्चा खेळायची. एक पोरगं पोलीस व्हायचं, बाकीची घोषणा द्यायची. पोलीस व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून पाळ्या लावायच्या. गिरणीत पाळी, खेळात पाळी!

१०६ माणसांनी प्राण दिले तेव्हा १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मुंबईत रोषणाई झाली. आजा रजा काढून पेढे घेऊन गावाला आला. गाव मात्र म्हैसूर राज्यात होतं. पेढे वाटले की तसेच पुडक्यात राहिले, ते आजीने कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आणि हे आठवा, की संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला कुठे? इथेच, बेळगावात. १९४६ च्या मे महिन्यात साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, तिथे मराठी मुलखाचं एक राज्य व्हावं हा ठराव झाला. ज्या गावात बारशाचा पाळणा बांधला तेच गाव बारशाच्या पंगतीला बाहेर बसवलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, बिदर, भालकी हा मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला. त्याच्या आधी १७ जानेवारी १९५६ ला बेळगाव-निपाणीत गोळ्या चालून माणसं गेली होती. १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. बेळगाव शहर आहे तिथेच राहावं असं त्याने म्हटलं, आणि महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झालं, पुन्हा गोळ्या, पुन्हा हुतात्मे. हिंडलग्याच्या स्मारकावर आपण १ जूनला जातो ते त्यांच्यासाठी. २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याला वीस वर्षं उलटून गेली. तेव्हा जन्मलेली पोरं आज मिसरूड फुटून गिरणीत बदली कामगार म्हणून उभी आहेत.

म्हणून प्रश्न पडतो, आणि तो आम्ही उघड विचारतो. आज्याने लढा दिला, बापाने दिला, आम्ही देतोय. आता पोरांच्या हातात काय द्यायचं? झेंडा? दगड? की एक जुनं भांडण, ज्याची सुरुवात त्यांना ठाऊक नाही?

आता घरातलं सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमची थोरली मुलगी चौथीत होती, सरकारी मराठी शाळेत. ऑक्टोबर संपत आलेला. एक दिवस ती उड्या मारत घरी आली. "आई, मला नाचात घेतलंय. पहिल्या रांगेत!" नाच कसला, तर १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाचा. पिवळं-तांबडं कापड पाहिजे म्हणून बाईंनी चिठ्ठी दिलेली.

मंडळी, १ नोव्हेंबर आपल्या घरात कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. काळा दिवस. सकाळी आमचे वडील दंडाला काळी फीत बांधतात. आम्ही सायकल फेरीला जातो. घरात त्या दिवशी गोड होत नाही. आणि आमची पोर त्याच दिवशी पिवळ्या-तांबड्या कापडात पहिल्या रांगेत नाचणार.

आमच्यातल्या एकाचा हात उठला. तो बापाचा होता. सभेत हे सांगायला लाज वाटते, पण खोटं बोलून उपयोग नाही. थप्पड बसली. पोर रडली नाही. कॉटखाली जाऊन बसली, जेवायलाही बाहेर येईना. रात्री तिची आई दिवा घेऊन वाकली तेव्हा तिने एकच विचारलं, "मी नाचले म्हणून आपलं गाव तिकडं गेलं काय?"

काय उत्तर देणार? गाव ती जन्मायच्या आधी गेलं. तिच्या आईच्या जन्माआधी, बापाच्या जन्माआधी गेलं. मोठमोठ्या माणसांनी दिल्लीत बसून नकाशावर रेघ मारली, आणि तिची शिक्षा चौथीतल्या पोरीच्या गालावर.

त्या रात्री आमची तिसरी पाळी होती. गिरणीत आमच्या समोरच्या मशीनवर एक कन्नड बोलणारा भाऊ असतो. दहा वर्षं आम्ही समोरासमोर. तो येता-जाता "ऊट आयता?" विचारतो, आम्ही "जेवलास काय?" विचारतो, दोन्ही एकच. बोनसच्या वेळी तिघांना कामावरून काढलं तेव्हा गेटवर पहिला ठिय्या मारणाऱ्यांत तो होता, आणि काढलेल्या तिघांत दोघं मराठी होते. त्या रात्री आमचं तोंड बघून त्यानेच विचारलं. आम्ही सांगितलं. मनात होतं, हा आता त्याच्या बाजूचं काहीतरी बोलणार, मग आपण चार सुनावू.

तो म्हणाला, "माझी बहीण जत तालुक्यात दिलीय. महाराष्ट्रात. तिचं पोरगं तिथं कन्नड शाळेत जातं. मास्तर रिटायर झाला, दुसरा येत नाही. बहीण म्हणते मराठीत घालू काय? आई म्हणते, मग पोरगं माझ्याशी बोलणार कसं? आता मी कुणाला थप्पड मारू, सांग."

आम्हाला बोलायला शब्द सुचेना. बॉबिन भरली, ती काढायला वळलो.

मंडळी, या गोष्टीचा अर्थ काय काढायचा? भांडण मिटलं, सगळे भाऊ-भाऊ, आता सीमाप्रश्न सोडून द्या? मुळीच नाही! अर्थ याच्या उलट आहे. जतच्या त्या पोराला त्याच्या भाषेत शिकायचा जो हक्क आहे, तोच हक्क आमच्या पोरीला आहे. आमची मागणी पहिल्यापासून काय आहे? खेडं हा घटक धरा, गावाला लागून गाव आहे की नाही ते पाहा, जास्त माणसं कोणती भाषा बोलतात ते मोजा, आणि त्या माणसांना विचारा. हेच पाटसकर सूत्र. आंध्र आणि मद्रासचा सीमावाद याच सूत्राने सुटला. या सूत्रात एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं माप नाही. मराठी गावं मराठी राज्यात, कन्नड गावं कन्नड राज्यात. ही न्यायाची मागणी आहे. हिच्यात कुणाच्या पोराचा, कुणाच्या बोलीचा द्वेष नाही.

मग ज्या मागणीत द्वेष नाही, ती मागणी पोरांना शिकवताना आम्ही द्वेष का मिसळतो? सोपं पडतं म्हणून. चार वर्षांच्या पोराला पाटसकर सूत्र समजावणं अवघड. "ते वाईट, आपण चांगले" हे समजावणं सोपं. पण बंधूंनो, सोपं शिकवलेलं पोर मोठं होऊन काय करतं, ते आमच्या गल्लीने पाहिलंय.

आमच्या गल्लीतला एक पोरगा. वय १९. आयटीआय झालेला, हातात कला असलेला. मोर्चाच्या मागच्या टोकाला होता. पुढे गडबड झाली, मागे कुणीतरी आरोळी दिली, आणि याने दगड उचलला. काही लोक म्हणतात त्याने मारला नाही. मारला. आम्ही बघितला. एका बसची काच फुटली. आत एक म्हातारी बसली होती, हातात कोथिंबिरीची पेंडी. तिला लागलं नाही ही देवाची कृपा. आणि ती म्हातारी मराठी होती! बाजार करून आपल्याच गावाला निघालेली.

पोराला धरून नेलं. पुढचं ऐका. जामिनाला कोण गेलं? मागून आरोळी देणारा गेला नाही. व्यासपीठावरून "पेटून उठा" म्हणणारे गेले नाहीत, त्यांना दुसऱ्या गावी सभा होती. पोराच्या आईने गळ्यातलं मोडलं. उरलेल्या पैशांची आम्ही गिरणीच्या गेटवर वर्गणी काढली. त्या वर्गणीच्या वहीत कन्नड भावांची नावंही आहेत, वही आमच्याजवळ आहे, कुणालाही दाखवू. आज त्या गोष्टीला पाच वर्षं झाली. दर तारखेला एक दिवसाचा पगार बुडतो. एका कारखान्यात त्याची निवड झाली होती, पोलीस दाखला मागितला आणि नोकरी गेली. आता तो बदलीवर येतो, मिळाली तर पाळी, नाही तर परत. लग्नाचं बोलणं दोनदा मोडलं.

आता तुम्ही सांगा, त्या दगडाने सीमा किती बोटं सरकली?

आमच्या वडिलांनीच शेवटी आम्हाला वाट दाखवली. वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्या संपात त्यांची नोकरी गेली आणि ते गावाकडे परत आले. १९८६ च्या आंदोलनात आमच्या थोरल्या भावाला खांद्यावर घेऊन ते गेले होते. आम्ही तेव्हा जन्मलेलोही नव्हतो. भाऊ चार वर्षांचा. अश्रुधुराची नळकांडी फुटली, माणसं पळाली, वडील पडले, पोरगं हातातून सुटलं. अर्ध्या तासाने एका दुकानाच्या फळीखाली सापडलं. तेव्हापासून आमच्या त्या भावाला गर्दी सोसत नाही. तो पुण्याला गेला, तिकडचाच झाला. सणाला येतो. मोर्चाचं नाव काढलं की उठून बाहेर जातो.

थप्पडेच्या दुसऱ्या दिवशी वडील दंडावरची फीत हातात घेऊन बसले होते. १ नोव्हेंबर उजाडायला अजून तीन दिवस होते, पण फीत आधीच काढून ठेवायची त्यांची सवय. ते म्हणाले, "मी एक पोरगं लढ्याला द्यायला गेलो, आणि ते लढ्याला आणि मला दोघांनाही मुकलं. तू ही पोर तशी घालवू नको. ही फीत माझी आहे. मी मोठा झाल्यावर, समजून, बांधली. तिला समजलं तर ती बांधेल."

एवढंच बोलले. पण त्यांनी चाळीस वर्षं हे पोटात ठेवलं होतं.

मग आम्ही काय केलं, तेही सांगतो. आम्ही नवरा-बायको शाळेत गेलो. भांडायला नव्हे. गुरुजींना सांगितलं, "आमची मुलगी त्या एका दिवशी नाचणार नाही. त्या दिवशी आमच्या घरात सुतक असतं असं समजा. बाकी वर्षभर कन्नडच्या तासाला ती पहिल्या बाकावर बसेल, कविता म्हणेल, १५ ऑगस्टला नाचेल." गुरुजी म्हणाले, "वरून हुकूम असतो हो, आम्ही तरी काय करणार. पण सक्ती करणार नाही." मग आम्ही पोरीजवळ बसलो. जो हात उठला होता तो तिच्या डोक्यावर ठेवला आणि "चुकलं" म्हणालो. बाप पोरीला "चुकलं" म्हणतो याने बापाची मान खाली जात नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आणि मग तिला गोष्ट सांगितली: १९४६ ची, १९५६ ची, खिडकीला लावलेल्या गादीची, पेढ्यांची. तिने सगळी ऐकली. शेवटी म्हणाली, "मग कुणी विचारलंच नाही काय आपल्याला?"

बंधूंनो, सत्तर वर्षांची चळवळ त्या एका वाक्यात आहे. आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारा, एवढंच आमचं म्हणणं आहे. चौथीतल्या पोरीला ते कळलं. दगड न देता कळलं.

१ नोव्हेंबरला तिच्या दंडाला आम्ही फीत बांधली नाही. ती आजीजवळ घरी राहिली. आम्ही फेरीला गेलो. नाचायला मिळालं नाही म्हणून तिला वाईट वाटलं का? वाटलं. त्या दिवशी दुपारी ती दाराआड एकटीच नाचत होती. आम्ही बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. लढ्याची किंमत पोरं पण देतात, ती शून्य आहे असं आम्ही सांगणार नाही.

आता काही जण म्हणतील, हा माणूस आमची धार बोथट करायला आलाय. पोरांच्या दंडाला फीत नको, हातात दगड नको, मग चळवळ चालायची कशी? त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. चळवळीतला प्रत्येकजण आपलं पोर कुठल्या शाळेत घालतो?

हात वर करायला सांगत नाही, कारण आधी आमचाच हात खाली जाईल. धाकट्याच्या वेळी आम्ही इंग्रजी शाळेचा अर्ज आणला होता. फी भरायला सोसायटीतून कर्ज काढायचं ठरवलं होतं. मोर्चात "मराठी मराठी" ओरडून घसा बसलेला, आणि खिशात इंग्रजी शाळेचा अर्ज! घरातली बाई म्हणाली, "अवो, पोरगं इंग्रजीत शिकणार, कन्नड सक्तीचं, मग मराठी कुठं शिकणार? तुमच्या घोषणेतून?" अर्ज फाडला. पोरगा आता मराठी शाळेत दुसरीला आहे. इंग्रजीही शिकतो, कन्नडही शिकतो. गणित मराठीत शिकतो म्हणून ते त्याच्या डोक्यात शिरतं.

आता एक कायद्याची गोष्ट सांगतो. आम्ही सातवी शिकलेले, पण युनियनच्या कामात कायदा वाचावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपण काळी मानतो. बरोबर आहे. पण त्याच तारखेला आणखी एक गोष्ट झाली, ती आपण पोरांना सांगत नाही. घटनेची सातवी दुरुस्ती त्याच दिवशी अमलात आली, आणि तिने घटनेत कलम ३५० (क) घातलं. ते म्हणतं, भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. ज्या दिवशी आपल्याला परक्या राज्यात घातलं, त्याच दिवशी आपल्या पोरांच्या भाषेची जबाबदारी त्या राज्याच्या अंगावर टाकली. एका हाताने घेतलं तेव्हा दुसऱ्या हाताने हा कागद दिला. तो कागद आपण किती वेळा उघडला?

आणखी ऐका. देशातल्या प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद १९४९ साली झाली. तिने ठरवलं की एका शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं एका मातृभाषेची असली, तर त्या भाषेतून शिकवायला निदान एक शिक्षक द्यावा. चाळीस आणि दहा. हे आकडे पाठ करा. मोर्चाला दहा हजार माणसं जमवता तेव्हा छाती फुगते. पण गावातल्या मराठी शाळेच्या पहिलीत दहा पोरं नसली, तर आपलं म्हणणं कुठल्या आकड्यावर उभं राहणार? शाळा बंद पाडायला दर वेळी सरकारच लागतं असं नाही. आपणच आपलं नववं, दहावं पोर पिवळ्या बसमध्ये बसवून पाठवतो, आणि मग मराठी शाळेला कुलूप लागलं म्हणून मोर्चा काढतो. त्या कुलपाची एक किल्ली आपल्याच खिशात असते.

म्हणून आमच्या गल्लीतल्या कामगारांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या आहेत. ठराव म्हणा, शपथ म्हणा, काही म्हणा. पटलं तर तुमच्या गल्लीत न्या.

पहिली गोष्ट. पोरं मराठी शाळेतच घालायची, आणि वर्षातून दोनदा तरी कामावर खाडा करून शाळेत जायचं. शिक्षक नाही, पुस्तकं आली नाहीत, छप्पर गळतं, हे लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. तोंडी तक्रार म्हणजे न केलेली तक्रार, हे गिरणीत आपण शिकलोय.

दुसरी गोष्ट. पोरांना कन्नड नीट शिकू द्यायची. आपला विरोध सक्तीला आहे, भाषेला नाही. ज्याला तलाठ्याचा कागद वाचता येत नाही त्याची जमीन जाते. कन्नड येणारा मराठी माणूस कचेरीत जास्त खणखणीत भांडतो. आणि शेजाऱ्याची भाषा शिकल्याने कुणाची आई बदलत नाही.

तिसरी गोष्ट. चौदा वर्षांच्या आतलं पोर मोर्चात आणायचंच असेल तर मधल्या रांगेत, आईबापाच्या हाताला धरून. पुढच्या टोकाला नाही, मागच्या टोकाला तर नाहीच. प्रत्येक गल्लीचा एक माणूस पोरांची यादी आणि पाण्याची कळशी घेऊन असेल. धावपळ झाली तर कुठल्या देवळाजवळ जमायचं ते आधी सांगून ठेवायचं. हे आम्ही १९८६ च्या त्या दुकानाच्या फळीखालून शिकलोय.

चौथी गोष्ट. जो दगड उचला म्हणेल, त्याला तिथेच विचारायचं, "तुझं पोर कुठं आहे? आण त्याला पुढं." आणि चळवळीत धरलेल्या पोरांच्या तारखांना गल्लीने पाळी लावून हजर राहायचं, पगार बुडाला तर वर्गणीतून भरून द्यायचा. आपल्या आरोळीवर जे पोर पुढे गेलं ते आपलं आहे. काम झाल्यावर त्याला वाऱ्यावर सोडलं, तर मालकात आणि आपल्यात फरक काय?

पाचवी गोष्ट. फोनवर आलेला निरोप पडताळल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. "अमक्या गावात आपल्या पोरांना मारलं" असा निरोप रात्री येतो, सकाळी कळतं तसं काही नव्हतंच. तोवर चार घरांतल्या पोरांची झोप गेलेली असते, आणि एखाद्याचं डोकंही.

सहावी आणि शेवटची. रात्री झोपताना पोरांना गोष्ट सांगायची. राम-लक्ष्मणाची सांगता, शिवाजी महाराजांची सांगता, तशी ही पण. तारखेसकट सांगायची. शिव्या न घालता सांगायची. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर हे शाहीर डफावर थाप मारून गिरणगावाला जागं करायचे, ते सांगायचं. मुंबईत हुतात्मा चौकात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, ते एकदा नेऊन दाखवायचं. त्या पुतळ्याच्या हातात मशाल आहे, दगड नाही, हे पोरांच्या आपोआप लक्षात येईल.

मंडळी, आमच्या हयातीत हा मुलूख महाराष्ट्रात जाईल की नाही, याची हमी आम्ही देणार नाही. आज्याला हमी होती, तो गेला. वडिलांना आशा आहे, ते ऐंशीच्या घरात आले. पण एक गोष्ट आमच्या हातात आहे. निकाल लागेल त्या दिवशी या गावात मराठी बोलणारी, मराठी वाचणारी, आपल्या गावाची कहाणी जाणणारी पोरं असली पाहिजेत. ती नसली तर निकाल आपल्या बाजूने लागूनही घेणार कोण? कागदावरचं गाव मिळेल, घरातली भाषा गेलेली असेल.

आणि निकाल लागेल त्या दिवशी शेजारचं कन्नड घर पण शेजारीच असणार आहे. ते काही उचलून नेता येत नाही. त्या दिवशी त्यांच्या पोरांना आपल्या राज्यात त्यांची शाळा मिळेल, शिक्षक मिळेल, हे वचन आपण आजच द्यायला हवं. सत्तर वर्षं जे सोसलं ते दुसऱ्याच्या पोरांना सोसायला लावणार नाही, असं म्हणण्याची ताकद ज्याच्यात आहे, त्याचीच मागणी न्यायाची.

पुढच्या १ नोव्हेंबरला आमची पोर पाचवीत असेल. फीत बांधायची की नाही, ते ती ठरवेल. आम्ही फक्त दाराजवळच्या खुंटीवर एक जादा फीत टांगून ठेवणार आहोत.

भोंगा व्हायची वेळ झाली. आमची दुसरी पाळी आहे.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो!

जय महाराष्ट्र!